फिरंगाई आणि फ्रान्स्वा

पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस मागे पडलं की कुरकुंभ येतं. एमआयडीसीची धुराडी, रसायनांचे टँकर, दौंड-बारामतीकडे वळणाऱ्या एसट्या. आणि या धबडग्यावर नजर ठेवून डोंगरावर बसलेली फिरंगाई. नवरात्रात माळ घालून अनवाणी चढणाऱ्या बाया तिच्या नावानं उदो म्हणतात, तेव्हा मला फ्रान्स आठवतो. हे ऐकून कुणाच्याही भुवया उंचावतील, पण नावाचा माग काढत गेलं की वाट तिथंच जाते.

ऱ्हाईन नदीकाठी फ्रँक नावाच्या टोळ्या होत्या. त्यांचं नाव भाल्याच्या जुन्या शब्दावरून पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यांनी गॉल जिंकला आणि त्या भूमीलाच त्यांचं नाव लागलं : फ्रान्स. पुढे बाराव्या शतकात इटलीतल्या असिसी गावच्या एका कापडव्यापाऱ्याला मुलगा झाला. बाप्तिस्म्याचं नाव जोवान्नी. पण बापाचा फ्रान्सशी व्यापार, म्हणून घरात तो फ्रान्चेस्को झाला. हाच संत फ्रान्सिस. त्याच्या पुण्याईनं ते लाडाचं नाव युरोपभर पाळण्यात गेलं. फ्रेंचांनी त्याचं फ्रान्स्वा केलं, मुलींसाठी फ्रान्स्वाज. 1515 साली पहिला फ्रान्स्वा तिथं गादीवर आला. मितराँ आणि ओलांद हे अलीकडचे राष्ट्राध्यक्षही फ्रान्स्वाच. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाबद्दल ज्याची रोजनिशी आपले इतिहासकार आवर्जून चाळतात, तो पुदुच्चेरीचा मार्टिनसुद्धा फ्रान्स्वा.

हेच फ्रँक क्रुसेडच्या लढायांत पूर्वेला पोचले. अरबांनी आणि इराण्यांनी साऱ्या युरोपियनांना एकच नाव दिलं, आणि फारसीतून ते आपल्याकडे आलं : फिरंगी. गंमत अशी, की मराठी कागदांत फिरंगी हे नाव मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगीजांना चिकटलं आणि खुद्द फ्रेंच झाले फरासीस! पोर्तुगीजांबरोबर संताचं नावही किनाऱ्याला लागलं. वसईच्या मातीत ते इतकं रुजलं, की 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

किनाऱ्यापासून आत मात्र फिरंगी या शब्दानं वेगळंच रूप घेतलं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तो एका भयंकर रोगाचं नाव आहे. मराठा स्वाराच्या कमरेला तो तलवार आहे : फिरंग. सरळ, लांब पातं युरोपातून आलेलं. मूठ इथल्या कारागिराची, बोटं झाकणारी, खाली दांडी काढलेली, म्हणजे वेळ पडली तर दुसऱ्या हातानंही घाव घालता यावा. नंतर तशी पातीही इथंच घडू लागली. आणि 1660 साली चाकणचा छोटासा भुईकोट शाइस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवणारा किल्लेदार कोण? फिरंगोजी नरसाळा. परक्याचं नाव आणि त्याला आपला 'जी'.

फिरंगाई तुळजाभवानीचंच रूप मानली जाते. भवानी आणि तलवार ही जोडी आपल्या मनात पक्की आहे. त्यामुळे देवीच्या नावात गोरा माणूस नव्हे, ती सरळ पात्याची फिरंग असावी, असा माझा कौल आहे. ज्या शब्दानं रोग आणि शत्रू ओळखले, त्यालाच 'आई' जोडून त्यापुढे नारळ फोडणारा समाज मला फार मोठा वाटतो. अमकं आपलं, तमकं परकं असा हिशेब रोज मांडला जाणाऱ्या काळात तर अधिकच.

म्हणून कुरकुंभकरांना एक विनवणी. देवीचं हे नाव कसं पडलं, याची कथा घरातल्या आजी-आजोबांना, पुजाऱ्यांना, गोंधळ्यांना विचारा आणि जशी सांगतील तशी लिहून ठेवा. दोन घरांत दोन कथा निघाल्या तर दोन्ही लिहा. कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं असेल, तर ते वाळवी लागण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि कधी कुणी सुचवलंच, की हे नाव परकं वाटतं, बदलू या, तर ठाम नकार द्या.