मोझॅक काढायच्या आधी



चातुर्मासाआधी घराचं काम उरकायचं म्हणून मिस्त्रींना बोलावलं होतं. करकंबमधलं आमचं घर सासऱ्यांनी १९६६ साली बांधलं. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, मोझॅक काढा, व्हिट्रिफाइड घाला. सिमेंटची जाळी काढून काच बसवू." मुलाला पटलं. मी चार दिवस मागितले आणि घर नीट पाहिलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या जाळीतून वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं. खिडक्यांवर रुंद सज्जा आहे. स्वयंपाकघराला पश्चिमेकडे उंच झरोका आहे, त्यामुळे सूर्यास्ताआधीची जेवणं दिवा न लावता होतात. नक्षी कुठेच नाही, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

हाच विचार त्या काळात मोठमोठ्या इमारतींतही होता. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरची आयआयटी उभारली. उघड्या विटा, उघडं काँक्रीट आणि उन्हातून वाचवणाऱ्या सावलीच्या वाटा.

पण अशा वास्तूंचं कौतुक कोण करतं? वाड्याचे फोटो सगळे काढतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्यानंतरच्या पिढीचं बांधकाम मात्र ना जुनं ना नवं. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स राज रेवल यांनी १९७२ मध्ये उभारलं, २०१७ मध्ये ते पाडलं. जेमतेम ४५ वर्षांचं होतं.

आपण अपरिग्रह म्हणतो तेव्हा साड्या-दागिने डोळ्यांसमोर येतात. चांगली फरशी फोडून ट्रॉलीभर राडारोडा गावाबाहेर टाकणं, हाही परिग्रहच नाही का?

मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेली संगमरवराची खडी. मशीननं घासली की खालचा ताजा थर वर येतो. सगळंच जुनं ठेवा असं माझं म्हणणं नाही. ओट्याला भेगा पडल्या होत्या, त्यांत मुंग्या व्हायच्या, म्हणून तो बदलला. फरशी फक्त पॉलिश केली. जाळी राहिली, आतून बारीक नेट लावलं. सूनबाई आता दुपारी तिथेच स्वाध्यायाला बसते.

तुमच्याकडे काम निघालं असेल, तर मिस्त्रींना होकार देण्याआधी एक दुपार घरात नुसतं बसून बघा. वारा कुठून येतो, उजेड कुठे पडतो. मग काय काढायचं ते ठरवा.