ओल्ड फेथफुलच्या पलीकडे

मुलांकडे अमेरिकेला गेलेले ज्येष्ठ यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुल पाहून परततात. तेथून जवळच, फायरहोल नदीकाठच्या जुन्या, बव्हंशी सपाट रस्त्याने सुमारे ४ किलोमीटर चालल्यावर लोन स्टार भेटतो. सुमारे ३ मीटर उंच शंकूतून उष्णोदकाचा हा फवारा साधारणतः दर तीन तासांनी उसळतो. खरी मौज त्या निवांत प्रतीक्षेतच! मात्र २,३०० मीटर उंचीवर हवा विरळ असते. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी वेस्ट थंबची सरोवरकाठची फळ्यांची छोटी वाट निवडावी. वज्रेश्वरीच्या सवयीने येथील कुंडांत हात घालू नये. या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळते, तरी कातडी भाजण्यास तेवढे पुरेसे आहे. वाटेबाहेरचे भूकवच पातळ असते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांना चटका उशिरा कळतो. अशांचा हात सोबत्याने सोडू नये.