मोत्याची गोधडी

बारा वर्षे मळा राखणारा आमचा मोत्या आता थकला. थंडीत ओसरीवर कुडकुडतो, म्हणून त्याला जुनी गोधडी दिली. ती मळली तेव्हा कोणाला न विचारता मी सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकली. जाळीत केस अडकून पाणी तुंबले. पुढच्या धुण्यात नातवाच्या दुपट्यालाही केस चिकटून आले.

"अहो, गावभर गोठ्याची स्वच्छता सांगता, आणि घरात हे?" सौ. म्हणाली. मी निरुत्तर!

पण गोधडी न धुऊनही चालत नाही. पिसवा कुत्र्याच्या अंगावर अंडी घालतात. ती गळून अंथरुणात पडतात, अळ्याही तिथेच वाढतात. नुसता कुत्रा धुऊन काय उपयोग?

आता दर आठवड्याला गोधडी अंगणात झोडपून केस काढतो. हात बुडवता येणार नाही अशा, 60 अंश सेल्सिअसच्या कढत पाण्यात बादलीत भिजवतो. निवल्यावर पिळून मशीनमध्ये टाकतो, पण एकटीच. मागाहून जाळी साफ करून मशीन एकदा रिकामे फिरवतो. गोधडी दिवसभर कडक उन्हात.

ओली गोधडी मशीनला जड होते, म्हणून सौ.नेच तिचे दोन तुकडे करून काठ शिवले. एक उन्हात, एक मोत्याखाली. धुण्याच्या दिवशीही म्हातारा उघड्या फरशीवर निजत नाही.