दोन अक्षरी उत्तर

दर शनिवारी सकाळी साडेनऊला आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल असतो. विषय एकच, गूढ शब्दकोडं. म्हणजे ठरलेला विषय तो. प्रत्यक्षात तासातली चाळीस मिनिटं ईएमआय, दुखरे गुडघे, पोरांच्या शाळेची फी आणि हिंजवडीचा ट्रॅफिक यातच जातात. उरलेल्या वीस मिनिटांत आम्ही एकमेकांना क्लू घालतो आणि भांडतो.

तिघं म्हणजे मी, पंत आणि मास्तरीण. पंत मूळचा पंत नाही, पण ईमेलमध्ये कुणी ऱ्हस्वदीर्घ चुकवलं तरी त्याला त्रास होतो, म्हणून पंत. मास्तरीण टेस्टिंगमध्ये होती. कुणाचीही चूक सोडायची नाही ही तिची तेव्हाची नोकरी आणि आत्ताचा स्वभाव. २००५ मध्ये आम्ही एकाच दिवशी एकाच कंपनीत चिकटलो. कंपनीच्या बसमध्ये पंत इंग्रजी पेपरातलं कोडं उघडून बसायचा. जागा नव्हती म्हणून मी शेजारी बसलो, आणि तिथून हे व्यसन लागलं.

ज्यांना या प्रकाराची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या कोड्यात 'पाणी' असा क्लू आला की 'जल' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. गूढ कोड्यात क्लू म्हणजे एक अख्खं वाक्य असतं. त्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या भागात तेच उत्तर बनवायची कृती. दोन्ही रस्ते एकाच घरी पोचले पाहिजेत. उदाहरणार्थ, 'पहिला सूर आणि मास्तर मिळून लग्नानंतरचं घर (३)'. पहिला सूर 'सा', मास्तर म्हणजे 'सर', झालं 'सासर'. किंवा 'मकर उलटी केली, हाती आले पैसे (३)'. म-क-र उलटं वाचा, 'रकम'. किंवा माझा आवडता, 'पगारातून दर महिन्याला कापला जातो हा हात (२)'. 'कर'. यात कृती वगैरे काही नाही, एका शब्दाचे दोन अर्थ. (मार्च महिन्यात हा क्लू फार लागतो.)

हा प्रकार मूळचा इंग्रजांचा. आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात आलं, पण त्यात अशी लबाडी आणली ती ब्रिटनमध्ये, १९२० च्या दशकात. पुढे झिमेनीज नावाने कोडी रचणाऱ्या एका शाळामास्तराने १९६६ च्या पुस्तकात त्याचे कडक नियम मांडले. थोडक्यात काय, तर फसवा, पण प्रामाणिकपणे फसवा. आपल्याकडे 'द हिंदू'मध्ये आपलीच माणसं हे कोडं रचतात. पण मला विचाराल तर आपल्याला हे नवीन नाहीच. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' काढला, तो उलट्या वाचनाचा क्लूच नाही तर काय? आणि शाळेत 'रामाला भाला मारा' उलटसुलट वाचून पोरांची करमणूक व्हायची, तीही तीच जातकुळी.

मराठीत रचायला लागलो तेव्हा मात्र भांडणं सुरू झाली. मास्तरणीने एकदा घातलं, 'रजा विस्कटली की थोडीशीच उरते (२)'. उत्तर 'जरा'. पंत उसळला.

"अगं, रजाची अक्षरं 'र' आणि 'जा'. जराची 'ज' आणि 'रा'. एकाचा काना उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर कसा ठेवतेस तू?"

"का? ऑफिसात तेच तर चालतं. काम एकाचं, काना दुसऱ्याला."

शेवटी ठराव झाला की मराठीत अख्खं अक्षर हेच एकक. काना-मात्रा त्याच्या त्याच्यापाशीच राहणार. इंग्रजीत ए सुटा पडतो, ई सुटा पडतो. आपल्याकडे कान्याला स्वतःचं घर नाही. ठरावाच्या आनंदात पंताने एक क्लू घातला, 'इकडून घ्या की तिकडून, चहा असाच हवा (३)'. 'कडक'. क-ड-क. याला म्हणतात क्लू.

आता मुद्द्याचं. गेल्या पावसाळ्यात पंत दोन शनिवार आला नाही. "जरा धावपळ आहे," एवढाच मेसेज. आमची धावपळ काय कमी असते? आम्ही अंगठा दाखवला. तिसऱ्या शनिवारीही कॉलवर आला नाही, पण ग्रुपवर एक क्लू टाकला.

'आईच्याच हातात दडलाय, सकाळी उठल्या उठल्या लागतो तो (२)'.

मी तेव्हा दाढी करत होतो. तीन सेकंदांत दिसलं. 'दडलाय' म्हणजे शब्दाच्या पोटात लपवलेला शब्द. 'आईच्या-च हा-तात'. लिहिलं, "चहा. सोपं होतं. म्हातारा झालास." वर दात काढणारी स्मायली.

दहा मिनिटांनी मास्तरणीचा फोन. ग्रुपवर नाही, थेट.

"क्लू सोडवलास. वाक्य वाचलंस का?"

"म्हणजे?"

"परत वाच. नुसतं वाक्य म्हणून वाच."

वाचलं, तरी डोक्यात शिरेना. मग तिनेच सांगितलं. काकूंना, म्हणजे पंताच्या आईला, विसर पडायला लागला होता. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं होतं. पंत त्या धावपळीत होता. मास्तरणीलाही त्याने सांगितलं नव्हतं. तिने क्लू वाचला, शंका आली, फोन करून विचारलं. आणि मग पंत बोलला. रोज सकाळी काकू चहाचा डबा हातात धरून सगळ्या स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधत फिरतात.

म्हणजे वाक्य खरंच होतं, शब्दन्‌शब्द.

या खेळात पहिला धडा हाच शिकवतात की वाक्याच्या वरवरच्या अर्थाकडे बघू नका. ती भूल असते. वाक्य फोडा, सांधा शोधा, आतली अक्षरं काढा. वीस वर्षं हेच केलं, नोकरीतही आणि कोड्यातही. लॉग उघडायचा, कामाची ओळ उचलायची, बाकीचं सोडून द्यायचं. पंताला बोलता येत नव्हतं म्हणून त्याने वाक्य लिहिलं, आणि मी त्यातून चहा तेवढा गाळून घेतला.

असं करणारा पंत पहिला नव्हे. जॉन ग्रॅहम नावाचे एक धर्मगुरू 'गार्डियन'साठी १९५८ पासून कोडी रचत, पुढे 'आरोकेरिया' या नावाने. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याची बातमी वाचकांना दिली ती एका कोड्यातून. चौकटी भरत गेलं की आजार कळत होता, उपचारही कळत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. ही गोष्ट आम्हाला पंतानेच सांगितली होती, फार पूर्वी. तेव्हा मी म्हणालो होतो, "काय भारी आयडिया आहे ना!"

पंत राहतो सहकारनगरला, मी बाणेरला. एकाच गावात व्हिडिओ कॉल करणारी माणसं आम्ही. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गाडी काढली. रस्त्यात तीनदा वाटलं की काय बोलणार जाऊन? पण गेलो.

दार काकूंनीच उघडलं. माझं नाव त्यांना आठवलं नाही, पण "ये, बस" म्हणाल्या. मग विचारलं, "साखर घेतोस ना रे?" मी म्हटलं, "हो काकू, एक चमचा." दोन मिनिटांनी परत, "साखर घेतोस ना रे?" पंत ओट्याशी त्यांच्या शेजारी उभा होता. तिसऱ्या वेळी मी उत्तर देणार त्याआधी तोच म्हणाला, "घेतो गं आई, एक चमचा." पहिल्यांदाच विचारल्यासारखा. ईमेलमधली एक वेलांटी सहन न होणारा हा माणूस.

चहा कडक होता. कालच्या स्मायलीबद्दल मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर पंत म्हणाला, "अरे, क्लू बरोबर सोडवलास की." आणि मग म्हणाला, "बरं झालं आलास." त्यानंतर तासभर आम्ही चक्क सरळ मराठीत बोललो. रात्रीची झोप, डॉक्टर, दिवसा सोबतीला बाई मिळते का, त्याच्या बहिणीने किती दिवस यायचं, सगळं.

आता मी महिन्यातून दोन रविवार जातो. शनिवारचा कॉलही चालू आहे, कान्यावरून भांडणही चालू आहे. फरक एवढाच की क्लू आला की आधी तो नुसता वाचतो, आणि मग फोडतो. त्यामुळे मी हल्ली सगळ्यात शेवटी सोडवतो. मास्तरीण म्हणते, म्हातारा झालास.

असो. जाता जाता एक तुमच्यासाठी, 'परिस्थितीची सुरुवात थंड, महिनाअखेरीस वाट पाहतो तो (३)'.

याचं वाक्य दोनदा वाचलं नाहीत तरी चालेल. चहा घेता घेता सुटेल.