वाजत नाहीयेत रे!

तर झालं असं...

भोसरीला बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. हवेवर चालणाऱ्या मशिनरीचे सोलेनॉइड वाल्व दुरुस्त करून, टेस्ट करून द्यायचे हे काम. एका गिऱ्हाईकाला सहा वाल्व दहा हजार वेळा उघड-बंद करून, तसा सहीचा रिपोर्ट सोमवारी हवा होता. आणि बाबांचा जुना टायमर नेमका बंद पडलेला. मी म्हटलं, "बाबा, त्यात काय! मी कॉम्प्युटरवर करून देतो." डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पोटापाण्याला जावा. एवढा आत्मविश्वास यायला तेवढं पुरतं :)

माझ्याकडे लॅबजॅकचं यू-३ हे डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड पडून होतं. यूएसबीला लावायचं आणि प्रोग्रॅममधून पिन चालू-बंद करायची. शनिवारी सकाळी पिन थेट ५ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलला जोडली. प्रोग्रॅम म्हणतो 'ऑन'. रिले ढिम्म. मीटर लावला, तर कॉइलवर ०.३७ व्होल्ट!

मग मॅन्युअल उघडलं (हो, मगच). पिन ३.३ व्होल्टची आणि तिच्या पोटात साधारण ५५० ओहमचा रोध. माझी कॉइल ७० ओहमची, तिला हवे ७१ मिलिअँपिअर. पिन जेमतेम ५ देत होती. त्या ५५० ओहममुळेच कार्ड वाचलं म्हणायचं. पिनेवरचा '१' हा नुसता निरोप असतो, ओझं उचलणारा गडी वेगळा लागतो. हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

गडी मिळाला तपकीर गल्लीत. यूएलएन २००३ नावाची स्वस्त चिप. आत सात डार्लिंग्टन जोड्या, प्रत्येक जोडी ५०० मिलिअँपिअरपर्यंत झेपवते. कॉइल बंद होताना उसळणारं उलटं व्होल्टेज गिळायला डायोडही आतच. आणि पिनेकडून हिला एक मिलिअँपिअरही नको. रिलेंना ५ व्होल्ट यूएसबीतूनच दिले. सहाही रिले टकाटक वाजायला लागले. पाच सेकंदांना एक फेरी, म्हणजे चौदा तासांत काम फत्ते. संध्याकाळी सहाला चालू करून मी घरी आलो आणि मस्त झोपलो.

रविवारी सकाळी सातला बाबांचा फोन. "स्क्रीनवर नऊ हजार तीनशे दिसतायत."

"मग झालंच की!"

"अरे, पण वाजत नाहीयेत रे. सहातले दोनच चालू आहेत."

गाडी काढून पोचलो. कारण सापडायला तासभर लागला. डार्लिंग्टन स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खाते. सहा रिलेंच्या ओझ्याने यूएसबीचे ५ चे ४.७ झालेले. कॉइलला उरले ३.७, आणि रिले ओढला जायची हमी ३.७५ ला. सुरुवातीला गार होते तोवर ओढले गेले. मग कॉइल तापल्या, तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, आणि चार रिलेंनी मान टाकली.

पण माझी खरी चूक ही नव्हतीच. प्रोग्रॅम मोजत काय होता? मी पिनेला 'ऑन' किती वेळा म्हटलं ते. वाल्व हलला का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. चार वाल्व कुठल्या फेरीला थांबले, कुणालाच माहीत नाही. बाबा तासभर उशिरा आले असते तर स्क्रीनवर दहा हजार दिसले असते, आणि खाली त्यांची सही झाली असती. चाळीस वर्षं जपलेली सही.

बाबा काही बोलले नाहीत. गिऱ्हाईकाला फोन लावून म्हणाले, "दोन दिवस लागतील, टेस्ट परत घेतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी १२ व्होल्टची वेगळी सप्लाय आणली. रिलेही १२ व्होल्टचे, ४०० ओहमचे, म्हणजे फक्त ३० मिलिअँपिअर. कार्डाचं आणि सप्लायचं ग्राउंड एक केलं. आणि प्रत्येक वाल्वच्या पुढे एक प्रेशर स्विच, त्याची वायर कार्डाच्या इनपुटला. हवा आली आणि गेली, तरच आकडा पुढे. नाही आली, तर टेस्ट तिथेच थांबणार. मग काउंटर शून्यावर आणून पुन्हा सुरुवात. रात्री बाबा आणि मी दोघंही वर्कशॉपमध्येच झोपलो. झोपलो कसले, टकटक ऐकत पडलो होतो.

सोमवारी ऑफिसात माझाच जुना कोड उघडला. मेल सर्व्हरला पाठवायची आज्ञा दिली की पुढच्याच ओळीत लॉगमध्ये 'मेल पोचला'. पोचला का ते न बघता!

असो. ती ओळ आधी बदलली, मग चहाला गेलो.