खिशातली चौकट

खिशाला भोक असणे हे दारिद्र्याचे लक्षण समजले जाते. पण खिशात एक भोक मुद्दाम बाळगून हिंडणाऱ्या माणसाला काय म्हणावे, याचा निर्णय आमच्या घरात अद्याप व्हायचा आहे. माझ्या सदऱ्याच्या खिशात काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो. त्याला मधोमध आयताकृती भोक पाडलेले आहे आणि कडेला गाठी मारलेला एक दोरा बांधलेला आहे. फोटो काढण्यापूर्वी मी तो डोळ्यासमोर धरतो आणि बहुधा फोटो न काढताच परत खिशात ठेवतो. या दुसऱ्या सवयीमुळे इष्टमित्रांना माझ्याविषयी अधिक काळजी वाटते.

हे साधन घरी करण्यास अर्धा तास पुरे होतो. लग्नसराई संपली म्हणजे जाडजूड निमंत्रणपत्रिकांचा जो ढीग घरोघरी उरतो, त्यातील एक घ्यावी. तीत ७२ मिलिमीटर लांब व ४८ मिलिमीटर रुंद असा आयत धारदार पात्याने कापावा, भोवती बोटभर कड राखावी आणि उजेडाची झळाळी डोळ्यावर येऊ नये म्हणून दोन्ही अंगांनी काळा रंग द्यावा. ही मापे लहरीने ठरवलेली नाहीत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जे चित्र उमटते ते ३६ बाय २४ मिलिमीटरचे असते. आपला आयत त्याच्या बरोबर दुप्पट. यास्तव भिंगाचे नाभीय अंतर जेवढे असेल त्याच्या दुप्पट अंतरावर पुठ्ठा धरला की, त्या भिंगाला जेवढे दिसेल तेवढेच आपल्यालाही दिसते. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी दोऱ्याला १०० मिलिमीटरवर गाठ मारावी, २८ च्या भिंगासाठी ५६ वर आणि १३५ च्या भिंगासाठी २७० वर. हवी ती गाठ गालाच्या हाडाशी टेकवावी, दोरा ताणावा आणि एक डोळा मिटावा. एवढ्यावर यंत्र चालू होते.

या युक्तीचे श्रेय माझ्याकडे नाही. आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ सालच्या आपल्या ग्रंथात चौकटीतून पाहून चित्र काढण्याच्या रीती सांगितल्या आहेत. १८८२ साली हेग येथे राहत असता व्हिन्सेंट व्हॅन गॉगने अशीच एक चौकट करवून घेतली. समुद्रकाठच्या वाळूत ती रोवता यावी म्हणून तिच्या पायांना त्याने लोहाराकडून टोके बसवून घेतली, आणि हे सारे भावाला मोठ्या हौसेने पत्रातून कळवले. आपल्या शाळांतील चित्रकलेचे मास्तर दोन हातांच्या बोटांची खिडकी करून झाडाकडे पाहावयास सांगत, तीही याच कुळातली.

कोणी म्हणेल, कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये चौकट असतेच. मग हा उपद्व्याप कशाला? याचे उत्तर असे की, डोळा हा फार भाबडा यजमान आहे. ज्याच्यावर त्याचा लोभ जडतो त्याचेच तो आदरातिथ्य करतो. शेजारचा विजेचा खांब, कोपऱ्यातला कचरा, यांच्याकडे त्याचे लक्षच जात नाही. उलट कॅमेरा दारात येईल त्या प्रत्येकाला आत घेतो. मोबाइलचे नेहमीचे भिंग तर आमच्या दोऱ्याच्या पहिल्या गाठीच्याही अलीकडे बसेल इतके ऐसपैस असते, आणि बोट लावताच चित्र तयार होत असल्यामुळे निवड करण्याचे काम मागाहून करू म्हणून राहून जाते. पुठ्ठ्यात काहीच उमटत नाही. त्यामुळे घाई नसते, आणि यातले काय नको, हा प्रश्न टाळताही येत नाही.

या प्रश्नाचा खरा कस कौंडण्यपुरास लागला. अमरावती जिल्ह्यातील हे गाव वर्धा नदीच्या पश्चिम काठी आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर अशी त्याची ख्याती. दमयंतीचे नावही परंपरा याच गावाशी जोडते. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या आणि त्याहूनही जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. येथून आषाढीसाठी पंढरीला जाणारी रुक्मिणीची पालखी १५९४ सालापासून चालत आल्याचे सांगतात. एवढे वैभव ऐकून येणाऱ्याला प्रत्यक्षात दिसते ते उंचावरचे विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ, पलीकडे अंबिकेचे स्थान, खाली नदी, आणि मातीच्या टेकाडांवरून चरत जाणाऱ्या शेळ्या.

माझ्या आईचेही माहेर हेच. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचे तिकडे जाणे थांबले आहे. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, “मले सत्राशेसाठ फोटो नको दाखवू, बापा. एकच आण, पण पाहून आण.”

तिचे घर केव्हाच पडले. उरला आहे तो दगडी ओटा आणि त्यावर सावली धरणारा कडुनिंब. त्याच्या पाठीमागे नव्या मालकाचे सिमेंटचे घर उभे राहिले आहे, त्याच्यामागे पाण्याची टाकी, आणि सर्वांच्या डोक्यावर मोबाइलचा मनोरा. नदीच्या पात्रात उतरून मी दोऱ्याची शेवटची गाठ गालाशी लावली. सिमेंट गेले, टाकी गेली, मनोरा गेला. ओटा, निंब आणि पायवाट एवढेच चौकटीत राहिले. साठ वर्षे पुसून आईचे माहेर जसेच्या तसे तिच्या हाती ठेवता येणार होते, आणि त्यासाठी एक अक्षरही खोटे बोलावे लागणार नव्हते.

मनाला खटकले ते नेमके हेच. १९१९ च्या हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विरकर जालियनवाला बागेत गेले आणि त्यांनी भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. मेलेली माणसे त्या चित्रांत नाहीत; पण जे घडले ते लपवण्यासाठी त्यांची चौकट नव्हती, येथे पाहा असे बजावण्यासाठी होती. माझी चौकट त्या घटकेला उलट काम करू पाहत होती. आईने पाहून आण म्हटले होते. तिला आवडेल ते आण, असे म्हटले नव्हते. मी अलीकडची, ५० ची गाठ धरली. निंबाशेजारी नवे घर आले, अंगणात वाळत घातलेली लहान मुलांची झबली आली. मनोरा मात्र बाहेर राहिला. त्याच्यावाचून कोणाचे अडत नव्हते.

आईने तो फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. निंबाविषयी ती काहीच बोलली नाही. “लेकुरवाळं घर दिसते,” एवढेच म्हणाली, आणि ती झबली मोजू लागली.

तेव्हापासून वगळणे या क्रियेविषयी मी थोडा सावध झालो आहे. याच गावातून रुक्मिणीने श्रीकृष्णाला धाडलेला निरोप भागवतात अवघ्या सात श्लोकांचा आहे. राजधानीचे वर्णन, लग्नाचा थाट, भावाशी झालेला तंटा, सारे तिने बाजूला ठेवले; पण विवाहाच्या आदल्या दिवशी आपण नगराबाहेर देवीच्या दर्शनाला येणार आहोत, ही गोष्ट तिने वगळली नाही. तेवढी वगळली असती तर बाकीच्या श्लोकांचा उपयोग काय? पुठ्ठ्यात भोक कोणालाही पाडता येते. त्याच्या कडेशी काय येऊन थांबले आहे, हे खिशात परत ठेवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे, इतकेच.