सा कुठे धरायचा?

लोकगीत कागदावर उतरवायचे तर पहिला प्रश्न षड्जाचा. मैफलीत तंबोरा सा देतच असतो. माळव्यातल्या लग्नघरी बन्ना-बन्नी गाणाऱ्या बायकांपाशी तंबोरा नसतो. जी आधी तोंड उघडेल तिच्या गळ्याला झेपेल ती पट्टी. बाकीच्या तिच्या मागे. वही उघडून बसलेल्याला मात्र यातला सा कोणता हे आधी ठरवावे लागते.

हा निर्णय किरकोळ नाही. भूपाचे पाच स्वर घ्यावेत: सा रे ग प ध. सूर जागच्या जागी ठेवून रिषभाला सा मानले की मधमाद सारंगाचे स्वर मिळतात; गंधाराला मानले की मालकंसाचे, पंचमाला मानले की दुर्गाचे, धैवताला मानले की धानीचे. गाणारीने एकही सूर हलवलेला नसतो. लोकधुनेत पुष्कळदा तीन-चारच स्वर, त्यामुळे घोटाळ्याला आणखी वाव. मग धून कुठे टेकते, ओळीअखेर दम कुठे घेतला जातो, ढोलकाची थाप कुठे जोरात पडते, हे ऐकत बसावे लागते. बाईला विचारून भागत नाही. तिला अख्खे गाणे येते. त्यातून सा वेगळा काढून दाखवण्याची वेळ तिच्यावर कधी आलेली नसते.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन जानेवारी १९४८ मध्ये माळव्यातल्या देवासला राहायला आले. गाणे बंद झाले, ऐकणे उरले: बायकांची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. माळव्याच्या धुना त्यांनी स्वरलिपीत टिपल्या. मालवती, लगनगंधार, संजारी हे त्यांचे धुनउगम राग अशा ऐकण्यातून आले. ‘अनूपरागविलास’ हे त्यांच्या बंदिशींचे पुस्तक १९६५ साली निघाले.

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. धुनेचा सांगाडा यात नीट बसतो. गंधार नेहमीपेक्षा केसभर उतरा लागला, तर तो किती, याला खूण नाही.

स्वरलिपीखेरीज दुसरीही एक सोय आहे. श्वेतांबर जैन परंपरेतल्या जुन्या स्तवनांवर ‘देशी’ म्हणून एखाद्या प्रचलित गाण्याची पहिली ओळ लिहिलेली सापडते. मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ छापतात, तोच प्रकार. शाई कमी लागते, स्वरज्ञान लागत नाही आणि मूळ गाणे येणाऱ्याचे काम तत्काळ होते. पण ते गाणे विस्मरणात गेले की वरची ओळ असूनही पद कसे म्हणायचे ते कळत नाही. कितीतरी देशींचे आणि चालींचे असेच झाले आहे.

स्वरलिपी कटकटीची खरी. मूळ गाणे कधीच न ऐकलेल्यालाही ती निदान सुरुवात करून देते, एवढ्यासाठी ती कटकट सोसायला हरकत नाही.